फवारण्याआधी फळ चिरून बघा

पावसाळा सुरू झाला की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. ताप, खोकला, जुलाब यांची विचारपूस झाली, औषधाची चिठ्ठी हातात पडली की उठता उठता एखादी बाई विचारते, "डॉक्टर, काल कारलं चिरलं तर आत अळ्या. आदल्या दिवशीची भाजी पोरांनी खाल्ली होती. काही होणार नाही ना?"

काही होत नाही. कारल्यातली, काकडीतली ती पांढरी अळी बहुतेक वेळा फळमाशीची असते. ती फळाच्या गरावर जगते. माणसाच्या आतड्यात तिचा निभाव लागत नाही. भाजीत शिजली असेल तर प्रश्नच मिटला. कच्च्या काकडीबरोबर चुकून जिवंत अळी पोटात गेली तरी बहुधा जठरातले आम्ल आणि पाचकरस तिचा निकाल लावतात. क्वचित कुणाला मळमळते, पोटात कळ येते आणि थांबते. फळमाशी माणसाला चावत नाही, डासासारखा कोणता आजारही पसरवत नाही. मात्र तिने पाडलेल्या छिद्रातून जिवाणू आणि बुरशी आत शिरतात व गर सडतो. असे सडके फळ टाकून द्यावे, त्याचा चांगला वाटणारा अर्धा भाग वाचवत बसू नये.

याच्या उलट एक समज मात्र खरोखर धोक्याचा आहे: अळी नसलेला दुधी म्हणजे निर्धोक दुधी. दुधी, काकडी, दोडका या कुळातल्या फळांत कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एखाद्या दुधीत ती फार वाढतात. बाहेरून फळ तुकतुकीत, आत एक अळी नाही, पण रस जिभेला लागताच कडूजहर. असा रस 'कडू म्हणजे औषधी' म्हणून घोटभर प्यायलेल्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, रक्तदाब कोसळला आहे, काही जण दगावले आहेत. कडू लागला तर रस पिऊ नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही बजावले आहे. दुधीची परीक्षा जिभेवर करायची. अळीचा त्याच्याशी संबंध नाही.

हा झाला खाणाऱ्याचा प्रश्न. पिकवणाऱ्याचा प्रश्न आमच्याकडे वेगळ्या दाराने येतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी पस्तिशीतला एक शेतकरी संध्याकाळी टेम्पोत घालून आणला होता. अंग घामाने निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपड्यांना येणारा वासच निदान सांगत होता. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा. ॲट्रोपिन सुरू केले, कपडे काढून अंग साबणाने धुतले. चौथ्या दिवशी तो उठून बसला तेव्हा मी विचारले, "दादा, मारत काय होता?"

"कारल्याला माशी पडलीय, साहेब. फळं पिवळी पडून गळायला लागली. आठ दिवसांत तीन फवारे झाले."

"माशी कशी दिसते?"

"पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची. फुलापाशी हवेत एका जागी थांबते बघा."

हवेत एका जागी तरंगणारी ती माशी फळमाशी नव्हती. वर्णनावरून ती सिरफिड माशी होती. तिची अळी मावा खाते आणि ती स्वतः फुलांवर मध खाते, म्हणजे दोन्ही अवस्थांत शेतकऱ्याच्या कामाची. त्याच्या भावाला मी गळालेली कारली आणायला सांगितली. वॉर्डातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती एकेक करून चिरली. एकातही अळी नव्हती.

आमच्या व्यवसायात निदानाआधी औषध देणाऱ्याला कुणी शहाणे म्हणत नाही. शेतात मात्र 'माशी' एवढे निदान पुरते. कृषी सेवा केंद्रात जाऊन 'माशीचे औषध' मागितले की बाटली मिळते. म्हणून माझा विषय नसतानाही ही माशी कशी ओळखायची ते मी शिकून घेतले. ते अवघड नाही.

सुरुवात नावाच्या गोंधळापासून. पिकल्या केळ्यांवर, आंब्याच्या सालींवर घोंगावतात त्या बारीक लाल डोळ्यांच्या माशा म्हणजे चिलटे. इंग्रजीत त्यांनाही 'फ्रूट फ्लाय' म्हणतात; थॉमस मॉर्गन यांनी आनुवंशिकतेचे प्रयोग केले आणि १९३३ चे नोबेल मिळवले ते या चिलटांवर. चिलट पिकलेल्या, आंबलेल्या फळावर येते. फळमाशी हिरव्या, कोवळ्या, वेलीवर वाढत असलेल्या फळात अंडी घालते. दोघींची कुळे वेगळी. चिलटे मारून कारली वाचत नाहीत.

वेलवर्गीय भाज्यांवरची खरी फळमाशी घरमाशीएवढी किंवा किंचित मोठी असते, साधारण ६ ते ८ मिलिमीटर. रंग मात्र घरमाशीसारखा राखाडी नसून नारिंगी-तपकिरी. पहिल्या नजरेत ती छोट्या गांधीलमाशीसारखी वाटते, म्हणून कित्येक जण तिला हात लावायला घाबरतात. मादीच्या शेपटीकडे टोकदार नळी असते, तीही नांगीसारखी दिसते. पण ती माणसाला डंख मारायची नांगी नव्हे, फळाची साल भेदून अंडी घालायची नळी आहे. पकडून पारदर्शक बाटलीत घालावी, बाटली थोडा वेळ फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, माशी निपचित पडली की मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून पाहावी. पाठीवर, म्हणजे पंखांच्या मध्ये, तीन पिवळे उभे पट्टे दिसतात: दोन कडांना आणि एक बरोबर मध्ये. पंख पारदर्शक, पण पुढच्या कडेने तपकिरी पट्टी जाते आणि टोकाशी रुंद होऊन ठिपक्यासारखी होते. पोटावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काळी खूण असते. चेहऱ्यावर दोन काळे ठिपके.

मधला तिसरा पट्टा महत्त्वाचा. आंबा आणि पेरूवर येणाऱ्या फळमाशीला, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसला, कडेचे दोनच पट्टे असतात, मधला नसतो. आपली वेलींवरची ती झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी. पूर्वीच्या पुस्तकांत ती डॅकस किंवा बॅक्ट्रोसेरा या नावांखाली सापडेल. गंमत अशी, की मूळची भारतीय उपखंडातली मानली जाणारी ही माशी शास्त्राच्या दप्तरात नोंदली गेली ती हवाईत. तिथे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली होती आणि १८९९ साली तिला पहिले शास्त्रीय नाव मिळाले. आपल्याकडे ती इतकी घरची होती, की तिचे कुणाला अप्रूप वाटले नसावे.

तिच्या आणखी दोन नातलग आहेत. झ्यूगोडॅकस टाऊ ही तशीच तीन पट्ट्यांची, पण पाठीवर काळा रंग जास्त. आणि डॅकस सिलिएटस, आकाराने लहान, तांबूस, जिच्या पाठीवर हे लांब पिवळे पट्टे नसतातच. तीही काकडी, कारली, दोडकी यांवरच जगते. तिघींना वेगळे ओळखायचे कारण सापळ्यात आहे.

सापळ्यांची गोष्ट जवळजवळ अपघाताने सुरू झाली. बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत फ्रँक हॉवलेट नावाचे कीटकतज्ज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डासांपासून बचाव म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावले, तर डास राहिले बाजूला, फळमाशांनीच त्याला घेरले. हॉवलेट यांनी १९१२ मध्ये त्यावर लिहिले. माशा सगळ्या नर होत्या, हेही त्यांच्या लक्षात आले. पुढे १९१५ मध्ये तेलातला नेमका पदार्थ त्यांनी शोधला: मिथाईल युजेनॉल. तुळशीतही तो असतो. आज आंब्याच्या बागेत टांगलेल्या सापळ्यात हाच असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आंबा बागायतदारांना चांगला माहीत आहे.

पण वेलींवरच्या माशीचा नर मिथाईल युजेनॉलकडे ढुंकून पाहत नाही. त्याला 'क्यू ल्यूर' नावाचे वेगळे गंधद्रव्य लागते. कारल्याच्या मांडवात आंब्याचा सापळा टांगला, तर शेजारच्या आंब्या-पेरूवरचे नर त्यात भरतात, शेतकरी बाटली हलवून खूश होतो आणि कारली डागली जातच राहतात. उलट डॅकस सिलिएटसचा नर यांपैकी कशालाच भुलत नाही. क्यू ल्यूरचा सापळा रिकामा आणि काकडीत मात्र अळ्या, असे झाले तर सापळा खोटा नाही, माशी दुसरी आहे. एखाद्या तापात मलेरियाची तपासणी नकारात्मक आली म्हणजे रुग्णाला ताप नाही, असे आम्ही म्हणत नाही, तसेच हे. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगे: सापळ्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी येत नाही. नर फार मोठ्या प्रमाणात कमी झाले तरच माद्या बिनजोडीच्या राहतात. एकट्याच्या दहा गुंठ्यांत दोन सापळे टांगून माशी आहे का, किती आहे, एवढे कळते. ती संपत नाही.

खरी तपासणी फळावरच होते. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली, दोन ते चार मिलिमीटर खोल, पांढरी लांबट अंडी घालते. वर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका राहतो, त्यातून डिंकासारखा चिकट थेंब येतो आणि वाळतो. फळ त्या बाजूला वाढायचे थांबते, म्हणून वाकडे होते, अकाली पिवळे पडते. चिरले की आत मळकट पांढऱ्या, पाय नसलेल्या, तोंडाकडे निमुळत्या अळ्या दिसतात. पूर्ण वाढलेली अळी सेंटिमीटरभर लांब असते आणि एक करामत करते: शरीराचे दोन्ही टोक जुळवून स्प्रिंगसारखी उडी मारते. उडी मारणारी अळी दिसली की शंका उरत नाही. अळी हिरवी असेल, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असतील, तिला पाय असतील, तर ती पतंगाची अळी. पाने गुंडाळून खाते, फळाची सालही कुरतडते. तिचा बंदोबस्त वेगळा.

आणि फळ पिवळे पडून गळाले, पण चिरल्यावर आत ना अळी, ना बोगदा, तर? तेच त्या शेतकऱ्याच्या कारल्यांचे झाले होते. या वेलींवर नर फुले आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलामागे चिमुकले फळ आधीच तयार असते. फूल उमलले त्या वेळेत परागकण पोहोचले नाहीत, तर ते फळ पिवळे पडते आणि चार-दोन दिवसांत गळते; अर्धवट पोहोचले, तर वाकडे वाढते. कारल्याचे फूल पहाटे उमलते, दुपारपर्यंत त्याचा खेळ संपतो. हे परागकण नेतात मधमाश्या. सतत पाऊस असला की त्या बाहेर पडत नाहीत. आणि सकाळी आठ वाजता मांडवावर कीटकनाशक मारले तर बाहेर पडलेल्या परत जात नाहीत. म्हणजे पहिल्या फवारणीने मधमाश्या गेल्या, त्यामुळे फळे आणखी गळाली, त्यामुळे दुसरी फवारणी झाली. तिसऱ्या फवारणीला शेतकरी स्वतः पडला. अशा वेळी सकाळी नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाला टेकवणे, एवढ्या साध्या उपायाने फळधारणा परत येते. दोडका आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, तिथे हेच काम संध्याकाळी करायचे.

समजा, फळे चिरली आणि माशीच निघाली. तरीही मांडवभर फवारणीने फारसे साधत नाही. अंडी सालीखाली, अळ्या गरात. वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत काही सेंटिमीटर खोल जाते आणि गव्हाच्या दाण्यासारखा कोष करते. तिथेही औषध पोहोचत नाही. उरली प्रौढ माशी. ती तर दिवसाचा बराच वेळ वेलीवर नसतेच. हवाईत १९५० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत दिसले, की या माशा शेताच्या कडेच्या झाडोऱ्यात, मक्यासारख्या पिकांवर विसावतात आणि अंडी घालण्यापुरत्या वेलीवर येतात. अंड्यापासून माशी व्हायला आपल्याकडच्या उबदार हवेत दोन-तीन आठवडे पुरतात आणि माशी पुढे काही महिने जगू शकते. उपाय न केल्यास नुकसान ३० टक्क्यांपासून सगळे पीक जाण्यापर्यंत नोंदले गेले आहे, म्हणून शेतकऱ्याची घाई मला समजते.

काम करणारे उपाय कंटाळवाणे आहेत. डागलेली आणि गळालेली फळे रोज किंवा दिवसाआड वेचायची आणि दीड-दोन फूट खोल पुरायची, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायची. आपल्याकडे ती बांधावर किंवा उकिरड्यावर फेकतात. तिथे अळ्या निवांत मातीत उतरतात. (गच्चीवर कुंडीत कारली लावणाऱ्या वाचकांनी किडके फळ कंपोस्टच्या डब्यात टाकू नये, तेही याचसाठी.) थोडी वेल असेल तर कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधता येते. वेलीखालची माती हलवून कोष उघडे पाडले की उन्हाने आणि पक्ष्यांनी बरेच मरतात. क्यू ल्यूरचे सापळे आहेत. आणि औषध वापरायचेच, तर गोड किंवा प्रथिनयुक्त आमिषात मिसळून, कडेच्या झाडोऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी; अंडी पिकवायला मादीला प्रथिने लागतात, त्यामुळे आमिषाकडे तीही येते. कोणते औषध, किती प्रमाणात, हे कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. परवानगी असलेली औषधे पिकागणिक वेगळी असतात आणि यादी बदलत राहते. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे.

हे सगळे एकट्याने करून भागत नाही, कारण माशी बांध ओळखत नाही. जपानच्या ओकिनावा बेटांवर ही माशी १९१९ साली सापडली. तिथल्या लोकांना कारले आपल्याइतकेच, कदाचित जास्त, प्रिय. पण माशीमुळे तिथली कारली जपानच्या मुख्य भूमीवर पाठवायला मनाई होती. १९७० च्या दशकात त्यांनी कुमे नावाच्या छोट्या बेटावर सुरुवात केली. प्रयोगशाळेत माशा वाढवायच्या, कोषांना गॅमा किरण देऊन नर वांझ करायचे आणि सोडून द्यायचे. रानातल्या माद्या त्यांच्याशी जुगतात, अंडी घालतात, पण ती उबत नाहीत. १९७८ मध्ये कुमे बेट माशीमुक्त झाले, १९९३ मध्ये सगळी बेटे. एकूण ५,००० कोटींहून अधिक माशा सोडल्या गेल्या. सापळे मात्र त्यांनी त्यानंतरही काढले नाहीत. २०२४ मध्ये तिथे टाऊ ही दुसरी फळमाशी सापडली आणि पुढच्या वर्षी काही वेलवर्गीय भाज्या बाहेर नेण्यावर पुन्हा निर्बंध आले. आपल्यालाही याची झळ लागून गेली आहे. मे २०१४ मध्ये युरोपीय महासंघाने भारतातून येणारा हापूस थांबवला तेव्हा बातम्या आंब्याच्या झाल्या, पण त्याच आदेशात कारली, पडवळ, वांगी आणि अळूही होते. मालात सापडलेल्या किडींमध्ये फळमाशा होत्या.

आता पुन्हा माझ्या विषयाकडे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, त्यानंतर कपाशीबद्दल थोडी सावधगिरी आली. मांडवाच्या भाज्यांबद्दल तेवढी बोलली जात नाही. मांडवाखाली उभे राहून नळी वर धरून फवारायचे, म्हणजे थेंब परत येतात ते स्वतःच्या चेहऱ्यावर, मानेवर, बाहीतून काखेत. पाठीवरचा पंप झिरपत असेल तर सदरा भिजलेला राहतो. ही औषधे कातडीतून आत जातात. तोंडावर रुमाल बांधून त्याला अडवता येत नाही. त्यातच कारली दर दोन-चार दिवसांनी तोडतात. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते डब्यावर लिहिलेले असते, पण त्याआधीच पुढचा तोडा बाजारात पोहोचतो आणि तोडणाऱ्या बायकांचे हात तेच ओले वेल हाताळत असतात.

फवारणी करताना किंवा नंतर काही तासांत खूप घाम, लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणे, उलटी-जुलाब, छातीत घरघर, अंगावरचे स्नायू आपोआप फडफडणे, यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच थांबवावे. भिजलेले कपडे काढावेत, केस आणि नखांसकट अंग साबण-पाण्याने भरपूर धुवावे; धुणाऱ्याने हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नये, उलटी करवू नये. झोपवायचे तर कुशीवर. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी घरी नेण्याचा हट्ट धरू नये, कारण काही रुग्णांना एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडतात आणि तेव्हा व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो. येताना औषधाची बाटली, रिकामी असली तरी, झाकणासकट पिशवीत घालून आणावी. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्हींच्या. लेबल फाटले असेल तर दुकानाची पावती.